कॉपियर, सर्व भागांसह

१० एप्रिल, सोमवार

ही वही आई वाचणार नाही, म्हणून हिच्यात खरं तेच लिहायचं ठरवलं आहे. आधीच्या वह्या आई दर रविवारी वाचायची, चुकांखाली लाल रेघ ओढायची आणि शेवटी शेरा द्यायची. त्यांतही खरंच लिहायचे, पण जरा इस्त्री करून.

आजपासून मी दवाखान्याची गोपनीयता अधिकारी आहे. सकाळच्या बैठकीत आमच्या ऑफिस व्यवस्थापक लिओना व्होथ म्हणाल्या, "कायद्याने असा एक अधिकारी नेमावा लागतो. आधीचा नेब्रास्काला गेला. कोण होतंय?" नेमका तेव्हा माझा हात वर होता. मला बाथरूमला जायची परवानगी हवी होती. आम्हा सहा भावंडांची शाळा घरी स्वयंपाकघराच्या टेबलावर भरायची आणि हात वर केल्याशिवाय आई कुणाला उठू द्यायची नाही. बावीस वर्षांची झाले तरी हात आपोआप वर जातो. डॉ. क्रेबिल टाळ्या वाजवू लागले. टाळ्या वाजल्यावर नाही म्हणणं मला जमत नाही. बाथरूमला बैठक संपल्यावर गेले.

पहिलं काम लगेच आलं. आमचा जुना कॉपियर लिओनांनी मदत-विक्रीला देऊन टाकला आहे. मेनोनाइट पंथाच्या आपल्या चर्च-मंडळ्या दर एप्रिलला जत्रेच्या मैदानावर जी विक्री भरवतात, तिच्यात त्याचा लिलाव होणार. ट्रक दारात उभा होता. लिओनांनी एक फॉर्म पुढे केला. नववी ओळ अशी: "या यंत्रातील सर्व गोपनीय माहिती नष्ट झाल्याची मी स्वतः खात्री केली आहे."

मी खात्री केली. झाकण उघडून पाहिलं, काचेवर कागद नव्हता. चारही ट्रे ओढून पाहिले, रिकामे होते. मागे हात घालून एक पेपरक्लिप काढली. काच दोनदा पुसली. मग सही केली.

आज झोप छान लागेल.

११ एप्रिल, मंगळवार

झोपेचं कालचं वाक्य खोडावंसं वाटतं, पण खोडणं म्हणजे खोटेपणा.

नवा कॉपियर बसवायला कंपनीचा वेस पेनर आला. विचिटाहून इतक्या लांब येतो. हसून म्हणाला, "जुन्याची डिस्क काढून घेतलीस ना?"

"कसली डिस्क?"

त्याचं हसू गेलं. मग त्याने फार शांतपणे समजावलं. कॉपियरच्या पोटात एक डिस्क असते. आपण जे जे पान काचेवर ठेवतो, त्याचं चित्र तिच्यावर राहतं. आमच्या यंत्रात आठ वर्षांची पानं असणार, अंदाजे दीड लाख.

मी पाणी प्यायले. मग आणखी एकदा प्यायले.

लिओना म्हणाल्या, "काहीतरीच काय! कॉपियरला काय डोकं असतं?"

"डोकं नाही," वेस म्हणाला, "आठवण असते."

"फक्त पेशंटांचे कागद ना?"

"जे काचेवर ठेवलं ते सगळं."

लिओना खुर्चीत बसल्या. रोझेनाउची लायब्ररी बंद झाल्यापासून गावात कॉपी काढायची जागा एकच, आमचा दवाखाना. येणारा-जाणारा बरणीत नाणं टाकतो आणि आपले कागद घेऊन जातो. लिओनांनी विचारलं, "पत्रंसुद्धा? समजा, कुणी पेपरला पत्र लिहिलं आणि आपल्याजवळ एक कॉपी ठेवली, तर?" वेस म्हणाला, तीसुद्धा. लिओनांना पेशंटांची एवढी काळजी आहे हे मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीतली एक गोष्ट डोक्यातून जात नाही. एक वृद्ध गृहस्थ रिपोर्ट घेऊन आले होते. त्यांचं नाव मी इथेही लिहीत नाही. घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. मी त्या रिपोर्टची कॉपी काढत असताना ते टोपी हातात धरून काउंटरशी उभे होते. म्हणाले, "पोरी, हे इथून बाहेर नाही ना जाणार?" मी म्हटलं, "नाही जाणार." माझा शब्द आता जत्रेच्या मैदानावर, एका गोठ्याशेजारच्या खोलीत पडला आहे.

आणि माझी सही खोटी आहे.

१३ एप्रिल, गुरुवार

विक्री समितीचे अध्यक्ष मिलफर्ड बुलर यांच्याकडे गेले. लिलावही तेच पुकारतात. पंचाहत्तरीचे आहेत, शेती करतात, आणि शब्दाला इतके पक्के की एकदा दुकानातून चुकून आलेला एक जास्तीचा खिळा परत द्यायला अकरा मैल गेले होते.

मी सगळं सांगितलं. म्हटलं, यंत्र विका, फक्त डिस्क तेवढी काढून घेऊ द्या.

त्यांनी छापील यादी काढून चष्मा लावला. "जिन्नस एकशे चौदा. कॉपियर, चालू स्थितीत, सर्व भागांसह. बाराशे याद्या वाटून झाल्या आहेत, तिर्झा. भाग काढला तर हे वाक्य खोटं ठरेल."

"हो," मी म्हटलं.

"बाराशे वेळा खोटं."

मला त्यांचं म्हणणं पटलं, हीच पंचाईत झाली. मी त्यांच्या जागी असते तर हेच म्हणाले असते. त्यांनी मला मुरंबा दिला.

दारात ते म्हणाले, "डिस्क आत ठेवून नुसती कोरी करता येत असेल तर माझी हरकत नाही. भाग तर राहतोच. नाहीतर मग लिलावात तूच घे की."

येताना त्यांच्या कुत्र्याने माझा एक बूट नेला. हा कुत्रा गावात प्रसिद्ध आहे. साप्ताहिकात "एक स्पष्टवक्ती शेजारीण" या नावाने जी बोचरी पत्रं येतात, त्यांतली निम्मी त्याच्यावर असतात. मिलफर्डना त्या पत्रांचं फार वाईट वाटतं.

१४ एप्रिल, शुक्रवार

वेस पुन्हा आला. नव्या यंत्राचा कागद नीट सरकतो का ते पाहायला. सरकतो. तासभर पाहिलं त्याने.

डिस्क पुसण्याचा उपाय आहे म्हणाला. यंत्र चालू करायचं, ॲडमिनचा पासवर्ड घालायचा आणि एक बटण दाबायचं. चाळीस मिनिटं लागतात. पासवर्ड लिओनांनी आठ वर्षांपूर्वी ठेवलेला. त्यांनी तीन नातवंडांची नावं सांगितली, मग एका गाईचं.

मी नियमांचं पुस्तक वाचून काढलं. ज्यांची माहिती धोक्यात आहे त्यांना कळवावं, असं त्यात स्पष्ट आहे. पण कॉपी काढणाऱ्यांची यादी आमच्याकडे नाही. म्हणून रविवारी चर्चमध्ये जाहीर करायचं ठरवलं. लिओना म्हणाल्या, "अगं, वेड लागलंय का तुला?" मी पुस्तकातलं पान दाखवलं. त्यांनी पान पाहिलं नाही, छताकडे पाहिलं.

१६ एप्रिल, रविवार

पास्टर मार्लिन गोअरिंग यांनी माझी चिठ्ठी वाचायला घेतली. पहिली दोन वाक्यं मोठ्याने वाचली: "दवाखान्याच्या जुन्या कॉपियरमध्ये गेल्या आठ वर्षांत काढलेल्या प्रत्येक पानाची प्रतिमा शिल्लक आहे. हे यंत्र येत्या शनिवारी जाहीर लिलावात विकलं जाणार आहे." पुढचं त्यांच्या आवाजाला झेपेना. घाम पुसून त्यांनी विचारलं, "प्रत्येक पानाची?" मी बाकावरून हात वर केला आणि म्हटलं, "हो, पास्टर. अगदी स्पष्ट दिसतं म्हणे."

आमच्या मंडळीत नाच वर्ज्य आहे, आणि उपासनेच्या वेळी कुणी बोलत नाही. पण आज मागून कुणीतरी "बापरे" म्हणालं आणि कुणी रागावलं नाही. शेवटचं गीत सगळे अर्धवट गायले.

आई म्हणाली, "चिठ्ठी छान लिहिली होतीस. एक स्वल्पविराम कमी होता."

१८ एप्रिल, मंगळवार

लोकांची सहृदयता पाहून मन भरून आलं. दोन दिवसांत सत्तावीस जण दवाखान्यात येऊन गेले. प्रत्येक जण खाली आवाजात सांगतो की मला स्वतःसाठी काही नाही, मी पेशंटांच्या काळजीपोटी विचारतोय.

पास्टर सकाळीच आले. "प्रवचनांची पानंसुद्धा राहतात का गं? म्हणजे पुस्तकातलं पान असेल तर वर पुस्तकाचं नाव येतं का?" मी म्हटलं, नाव, पान क्रमांक, सगळं जसंच्या तसं. ते "देवा रे" म्हणाले. क्षणोक्षणी प्रार्थना करणारा माणूस आहे.

मग एल्वा उनरुह आल्या. विक्रीतल्या वेरेनिकेच्या स्टॉलच्या प्रमुख. करंजीसारख्या, पनीर भरलेल्या, हाताने वळलेल्या त्यांच्या वेरेनिकेसाठी लोक ओक्लाहोमाहून येतात. त्यांनी विचारलं, "समजा, विनिपेगच्या एखाद्या गोठवलेल्या मालाच्या कारखान्याचं बिल असेल, तर वाचता येईल?" मी म्हटलं, नक्की येईल, काळजी करू नका. त्या काळजी करतच गेल्या. बहुधा कुणा नातेवाइकाचा कारखाना असावा.

दुपारी डॉक्टरांनी मला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं. "तिर्झा, काळ्या पावलांचे ठसे आणि बाण असलेली काही पानं, साधारण ऑक्टोबरपासूनची… ती ओळखू येतील?"

"पायाच्या आजाराची आहेत का, डॉक्टर?"

ते स्वतःच्या बुटांकडे पाहत म्हणाले, "पायाशी संबंध आहे."

मला वाईट वाटलं. दर गुरुवारी एक्स-रेच्या खोलीत ते एकटेच चालण्याचा व्यायाम करतात, ते मी पाहिलं आहे. तीन पावलं पुढे जातात, थबकतात, मान झटकन वळवतात. गुडघा असावा. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करते.

वेसही आला होता. नव्या यंत्राचा आवाज ऐकायला. मी म्हटलं, पुसणं जमलं नाही तर मी लिलावात घेईन. तो म्हणाला, "आणि परत दे म्हणाले तर?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मदत-विक्रीची ही मोठी रीत. वस्तू घ्यायची, पैसे द्यायचे, आणि तिथल्या तिथे वस्तू परत द्यायची, म्हणजे तीच पुन्हा विकून गरजूंसाठी आणखी पैसे जमतात. मागच्या वर्षी एक पाव अकरा वेळा विकला गेला. शेवटी तो कुणी खाल्ला का, कुणास ठाऊक.

"तू सरळ नाही म्हण," वेस म्हणाला.

"कसं?"

"नाही. असं."

मी दोन-तीनदा म्हणून पाहिलं. तो म्हणाला, शेवटी प्रश्नचिन्ह येतंय.

२१ एप्रिल, शुक्रवार

आज जे झालं त्याची सगळी जबाबदारी माझी आहे.

लिओनांना दुपारी पासवर्ड आठवला. आठ वर्षांपूर्वीच्या त्यांच्या डाएटचं नाव होतं. वेस आणि मी पाच वाजता मैदानावर पोहोचलो. उद्याच्या लिलावाच्या हॉलमध्ये कॉपियर मांडलेला होता, एका गोधडीच्या आणि ट्रॅक्टरच्या मध्ये. प्लगची जागा एकच रिकामी होती, वेरेनिकेच्या स्टॉलमागे. एल्वांनी सहा विजेच्या कढया लावल्या होत्या आणि खाण्याचे स्टॉल आदल्या संध्याकाळीच सुरू होतात म्हणून समोर पहिली रांग लागली होती, शंभरेक माणसं. मी परवानगी मागितली. एल्वा लगबगीने म्हणाल्या, "पुसायला आलीस? लाव, लाव, आधी लाव!"

लावलं. पासवर्ड चालला. पडद्यावर "पुसत आहे" असं आलं. तीन टक्के. पाच टक्के. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वेसने रुमाल पुढे केला, घडी घातलेला, इस्त्रीचा.

सात टक्क्यांवर अख्ख्या हॉलची वीज गेली.

वीज यायला पाऊण तास लागला. तोवर कढया गार झाल्या आणि चारशे वेरेनिके तेल पिऊन बसले. रांगेतला एक जण म्हणाला, "एल्वा, हाताने वळलेत ना? मग वळा की नवे, आम्ही थांबतो." एल्वांचा चेहरा पाहवत नव्हता. "आत्ता?" एवढंच म्हणाल्या.

मिलफर्डनी कॉपियरची वायर स्वतः गुंडाळली आणि चिकटपट्टीने बंद केली. "आता हे यंत्र विकेपर्यंत कुणी हात लावायचा नाही," म्हणाले. वेसने विचारलं, पुसणं मध्येच तुटलं तर काय होतं ते सांगू का. मी नको म्हटलं. मग सांग म्हटलं. सात टक्के पुसलं जातं आणि त्र्याण्णव टक्के राहतं.

डॉक्टरांना द्यायचं पत्र लिहून ठेवलं आहे. त्यात फॉर्मवरची सही खोटी असल्याची कबुली आहे. दवाखान्याच्या काउंटरवरची माझी नेमणूक सहा महिने कच्ची आहे, आणि पाचवा महिना चालू आहे.

२२ एप्रिल, शनिवार

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर माझाच विश्वास बसणार नाही.

हॉल भरलेला. आई-बाबा पहिल्या रांगेत. वेस माझ्या शेजारी, खिशात स्क्रूड्रायव्हर. ते वृद्ध गृहस्थ शेवटच्या बाकावर, टोपी गुडघ्यावर. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, म्हणजे पाहिलं.

"जिन्नस एकशे चौदा!" मिलफर्ड गरजले. "कॉपियर, सर्व भागांसह! कोण बोलतं?"

मी बोलले. आश्चर्य म्हणजे इतरही बोलले. पास्टर, एल्वा, डॉक्टर, आणि लिओना, ज्यांनी हे यंत्र स्वतःच देऊन टाकलं होतं. तरी दोनशे चाळीस डॉलरला मला मिळालं. मी पुढे गेले. मिलफर्डचा आवाज भरून आला. "बावीस वर्षांची पोर! आणि ही आता काय करणार आहे? परत देणार आहे! देणार ना, तिर्झा?"

हॉलभर टाळ्या. आई उभी राहिली. आई उभी राहून टाळ्या वाजवते आहे असं मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माझी मान आपोआप हलली.

"परत दिलं! कोण बोलतं?"

दुसऱ्यांदा डॉक्टरांनी घेतलं. अगदी धावत पुढे आले, गुडघा असूनही. "चला, उचला, गाडीत ठेवा," म्हणाले. मिलफर्ड म्हणाले, "गावाचे डॉक्टर परत देणार नाहीत, असं होईल का?" टाळ्या. डॉक्टर यंत्राला दोन्ही हातांनी धरून उभे होते. एकेक बोट सुटत गेलं.

तिसऱ्यांदा पास्टर. "पास्टर परत देणार!" पास्टरांनी डोळे मिटले आणि हो म्हणाले. चौथ्यांदा एल्वा. त्या परत द्यायला तयार नव्हत्या, पण काल वेरेनिके न मिळालेली सगळी रांग समोर बसली होती. पाचव्यांदा लिओना. कॉपियरवर हात ठेवून त्या दात आवळून म्हणाल्या, "मिलफर्ड, तुमचं तोंड कधी बंद होतं का हो?" मिलफर्ड खुशीत म्हणाले, "परत दिलं!"

आमच्या गावाचा मला इतका अभिमान वाटला. एका जुन्या यंत्रासाठी माणसं गरजूंना खिसे रिकामे करून देत होती, आणि किती भावनेने. पास्टर तर रडत होते.

सहाव्या फेरीला कुणाच्या खिशात काही उरलं नव्हतं. तेव्हा मागून चौकड्याच्या शर्टातला एक अनोळखी माणूस म्हणाला, "चाळीस."

चाळीस डॉलरला गेलं.

"आणि हे पाहुणे आता—"

"घरी नेणार," तो माणूस म्हणाला. "ओक्लाहोमाला."

"परत देणार नाही?" मिलफर्डनी हातोडी खाली ठेवली.

"परत कशाला? मला पाहिजे म्हणून तर घेतलं. चार ट्रे आहेत ना? माझ्या चार कोंबड्या आहेत. एकेकीला एकेक. ओढला ट्रे, काढलं अंडं." तो मशीन ढकलू लागला. "चाकंही आहेत. म्हणजे कोंबड्यांना ऊन हवं तिकडे फिरवता येईल."

कॉपियर दाराकडे निघाला. मी हात वर केला.

"हात खाली घे, पोरी, विकलं गेलं," मिलफर्ड म्हणाले.

मी दोन्ही हात वर केले. कुणी परवानगी देईना. शेवटच्या बाकावरचे ते गृहस्थ उठून उभे राहिले होते आणि टोपी दोन्ही हातांनी पिळत होते. मशीन त्यांच्या जवळून जात होतं.

मग मी विनापरवानगी बोलले. बाकावर चढले, तेही लिहिते.

"थांबा! त्याच्यात लोकांची माहिती आहे. मी कागदावर सही केली की ती पुसली, पण मी फक्त काच पुसली होती. मला डिस्क असते हेच माहीत नव्हतं. चूक माझी आहे. लोकांनी आमच्याकडे विश्वासाने कागद दिले. मी एकाला शब्द दिलाय की ते बाहेर जाणार नाहीत. म्हणून ते बाहेर जाणार नाहीत."

आईच्या हातातला पाईचा तुकडा घसरला.

तो माणूस म्हणाला, "डिस्क? ती काय करतात?"

"तुमच्या काही कामाची नाही," वेस म्हणाला.

"कोंबड्यांच्या?"

"नाही."

"मग घ्या की! आधी सांगायचं. चाकं मात्र ठेवा."

सगळ्यांनी मिलफर्डकडे पाहिलं. त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला. "सर्व भागांसह विकलं. वाक्य खरं झालं. आता भाग यांचे आहेत, हे हवा तो देऊ शकतात."

वेसने चार स्क्रू काढले आणि डिस्क माझ्या तळहातावर ठेवली. गीतांच्या छोट्या पुस्तकाएवढी. आठ वर्षांचं रोझेनाउ, आणि वजन काहीच नाही.

इतक्यात मिलफर्ड, पन्नास वर्षांची सवय, हातोडी उचलून गरजले, "डिस्क, परत दिली! कोण बोलतं?"

निदान साठ हात वर गेले.

"नाही," मी म्हटलं.

शेवटी प्रश्नचिन्ह नव्हतं. मलाच ऐकू आलं.

सुतारकामाच्या स्टॉलवरून ड्रिल आणलं. डॉक्टरांनी स्वतः भोकं पाडली, पाच. पास्टर म्हणाले, "मलाही एक." मग सगळ्यांनाच हवं होतं. लिओनांनी रांग लावली, चिठ्ठ्या दिल्या आणि हातोड्याच्या एका घावाला एक डॉलर घेतला. कॉपियरच्या पहिल्या विक्रीत मिळाले त्याच्याहून जास्त पैसे जमले. एल्वा तीनदा रांगेत आल्या. मिलफर्ड एकदाच आले आणि हलकेच मारून गेले, म्हणाले, माझं तिच्यात काही नाही, पण रांग आहे तर.

ते वृद्ध गृहस्थ शेवटी आले. हातोडा घेतला नाही. चुऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल, येतो."

नष्ट केल्याचा दाखला मी जागेवरच लिहिला. साक्षीदार म्हणून तीनशे अठ्ठ्याऐंशी सह्या झाल्या. आईने स्वल्पविराम तपासले. सगळे होते.

२४ एप्रिल, सोमवार

डॉक्टरांना कबुलीपत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "तू डिस्क फोडण्याआधी… काही पाहिलं नाहीस ना?"

मी म्हटलं, "नाही डॉक्टर. पाहणं नियमात बसत नाही."

त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. म्हणाले, "तुझी नेमणूक आजपासून पक्की." खोट्या सहीबद्दल शिक्षा काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, शिक्षा हीच की पुढेही तूच अधिकारी राहशील.

दुपारी वेस आला. नव्या यंत्राचा कंपनीचा फॉर्म राहिला होता. लिओनांनी पेन पुढे केलं. "कर बाई सही. 'यंत्राची माहिती-सुरक्षा मी तपासली आहे.' नवं कोरं आहे, काय तपासायचंय?"

"नाही," मी म्हटलं. "आधी उघडा. डिस्क कुठे आहे, ती स्वतःहून पुसली जाते का, पासवर्ड कोणता, सगळं बघेन, मग सही."

लिओना म्हणाल्या, "झालं! शनिवारपासून हिला 'नाही' सापडलंय." पण पेन खिशात ठेवलं. पासवर्ड त्यांनी नाही, मी ठरवावा असंही म्हणाल्या.

वेस म्हणाला, पूर्ण उघडून दाखवायचं तर तीन तास लागतील. मी म्हटलं, मी बसते. तो माझ्यासाठी खुर्ची आणायला गेला आणि दोन घेऊन आला. एकेक स्क्रू काढून हातात देत होता, काढल्यावर परत लावत होता, आणि नीट दिसलं नसेल म्हणून पुन्हा काढत होता. तीन तासांचं काम त्याने साडेपाच तास केलं.

कामात इतका काटेकोर माणूस मी घराबाहेर प्रथमच पाहिला.